प्रतिसाद: जुनी कनू कुणाची, कधीची?

तुमच्या जुन्या लाकडी कनूवरचा (वल्ह्याने चालवायच्या अरुंद होडीवरचा) कंपनीचा शिक्का गेलाय म्हणून ती कुणी बनवली ते कळणार नाही, हे वर कुणीतरी मांडलेलं मत मला पटत नाही. तुमची कनू अमेरिकेच्या मेन राज्यातल्या 'ओल्ड टाउन' कंपनीची असेल, तर तिची जन्मनोंद बहुतेक आजही आहे.

आतून दोन्ही टोकं बघा. नाळेचं, म्हणजे टोकाला आकार देणारं, वाकवलेलं लाकूड जिथे तळाला येऊन टेकतं, तिथे त्यावर ठोकून उमटवलेला क्रमांक असतो आणि पुढे फुटांतली लांबी, उदाहरणार्थ १६ किंवा १७. वॉर्निशच्या थरांखाली तो बुजतो. टॉर्च आडवा धरा, किंवा पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल घासा. पॉलिश पेपर मात्र कृपा करून लावू नका! एका टोकाचं लाकूड कुजून बदललेलं असू शकतं, म्हणून दुसरंही तपासा.

क्रमांक मिळाला की 'वुडन कनू हेरिटेज असोसिएशन'च्या मंचावर विचारा. कारखान्याच्या जुन्या नोंदपत्रांच्या प्रती तिथल्या जाणकारांकडे आहेत. मॉडेल, लाकूड, मूळ रंग, कधी आणि कुठे रवाना झाली, सगळं त्यात सापडतं.

एक मात्र सांभाळा. 'केनेबेक'सारख्या इतर कंपन्याही क्रमांक घालत, त्यामुळे तोच आकडा दोन दप्तरांत निघू शकतो. लांबी आणि काठपट्टीचं लाकूड नोंदीशी जुळतंय का ते पाहा. काठाला फिलिप्स (अधिकच्या चिन्हासारख्या खाचेचे) स्क्रू दिसले, तर ते १९३० च्या दशकाआधीचे नाहीत. पण तेवढ्यावरून कनूचं वय ठरवू नका, काठ नंतरही बदलतात.

क्रमांकाचा फोटो इथे टाकाल का?