मधला बातमीदार हवाच

वरच्या प्रतिसादातला मुद्दा असा की मंत्री आणि सरकारी खाती आता थेट समाजमाध्यमांवर लिहितात, मग मधे बातमीदार कशाला? मला हे अजिबात पटत नाही. सरकार स्वतःहून सांगतं, ते त्याला सोयीचं असतं तेवढंच. रस्त्यासाठी निधी मंजूर झाल्याची घोषणा सगळीकडे झळकते. पण मागच्या वर्षी त्याच रस्त्यासाठी मंजूर झालेला पैसा गेला कुठे? त्यासाठी जुनं अंदाजपत्रक उकरून काढणारा आणि अधिकाऱ्याला तोंडावर विचारणारा माणूस लागतो. नोकरी-घर सांभाळून हे प्रत्येक नागरिकाने करावं, अशी अपेक्षा करणंच चूक आहे.

आणि बातमी खालून वरही जाते, हे इथे कुणीच बोललं नाही! चीनमध्ये १९५९ ते १९६१ या काळात कोट्यवधी माणसं भुकेने मेली. स्थानिक अधिकारी पिकाचे आकडे फुगवून वर पाठवत होते आणि ते खोटे पाडायला स्वतंत्र वर्तमानपत्रं नव्हती. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी नेमकं यावरच बोट ठेवलं: वृत्तपत्रं गप्प असली की सरकार स्वतःच्याच आकड्यांना फसतं.

वाहिन्यांवरच्या आरडाओरड्याबद्दल तुम्ही सगळे चिडलात, ते रास्तच आहे. मला मात्र स्थानिक बैठकांना शेवटपर्यंत बसून टिपणं घेणारे बातमीदार कमी होत चाललेत, याची जास्त धास्ती वाटते. तिथले निर्णय मग कोण वाचून दाखवणार?