‘बॉयकॉट’मधला ‘बॉय’ कोण?

प्रश्न: ‘बॉयकॉट’ हा शब्द ‘बॉय’ आणि ‘कॉट’ जोडून झालाय का?

उत्तर १: नाही, फोड करूच नका, ते आडनाव आहे. कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्नच्या जमिनीचा कारभारी. १८८० मध्ये खंड कमी करण्यावरून कुळांशी बिनसलं आणि लँड लीग या कुळांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या चळवळीत लोकांनी त्याला वाळीत टाकलं. गडी निघून गेले, दुकानदार माल देईनात, टपालसुद्धा पोचेना.

उत्तर २: पुढचं तर बघा! पीक काढायला बाहेरून ५० मजूर आणले आणि त्यांच्या राखणीला शेकडो सैनिक-पोलीस. सुमारे ५०० पौंडांच्या पिकापायी १०,००० पौंड गेले.

उत्तर ३: त्याच वर्षी आडनावाचं क्रियापद झालं. शेवटचे दोन ‘टी’ आडनावातलेच. एकच लिहिला की स्पेलिंग चुकलं.