मदत हवी आहे: मासिकाचं कव्हर जमत नाहीये, गुरुवारी सबमिशन

हलगीवाली | सोमवार, रात्री 11.42

नमस्कार मंडळी. म्युझिक मॅगझिन करतेय. कव्हर, अनुक्रमणिका आणि मधली जोडपानं. या प्रकारच्या मासिकांचे संकेत वापरा आणि ते मोडूनही दाखवा, असं ब्रीफ आहे. वापरायचे ते वापरले: वर मोठं नाव, एकच मोठा फोटो, डोकं नावावर थोडं चढलेलं, डावीकडे मथळे, कोपऱ्यात बारकोड, तीनच रंग. मोडायचं म्हणून नावाची अक्षरं एकमेकांपासून लांब लांब केली आणि फाटल्यासारखी दाखवली. सर बघून हसले, म्हणाले "हे वाचायचं काय?" आणि पुढच्या टेबलाकडे गेले. फाँट बदलू का? लवकर सांगा प्लीज.

टाइपखिळा | सोमवार, रात्री 11.58

ताई, नाव काय मासिकाचं? मराठी की इंग्रजी? कुठलं संगीत? छापायचंय की नुसती पीडीएफ? आकार काय, पानं किती?

स्वस्त_मस्त | मंगळवार, रात्री 12.10

कॅन्व्हात तयार टेम्प्लेट आहेत, फोटो टाका, झालं. मी पुतण्याच्या मुंजीची पत्रिका तशीच केली, कुणाला कळलंही नाही.

बीटबाज | मंगळवार, सकाळी 8.15

मुंजीची पत्रिका आणि म्युझिक मॅगझिन, धन्य आहे. ताई, 'रे गन' हे अमेरिकन म्युझिक मॅगझिन बघा. त्याचा डिझायनर डेव्हिड कार्सनने 1994 मध्ये गायक ब्रायन फेरीची मुलाखत कंटाळवाणी वाटली म्हणून झाफ डिंगबॅट्स या चिन्हांच्या फाँटमध्ये लावली. अख्खी मुलाखत नुसती चिन्हं! याला म्हणतात संकेत मोडणं. वाचता येत नाही म्हणणाऱ्या सरांना हेच दाखवा.

टाइपखिळा | मंगळवार, सकाळी 8.40

कार्सनला ते शोभलं, कारण वाचकाला बाकीचा अंक कसा वाचायचा ते ठाऊक होतं. पोरीचा पहिलाच अंक आहे. तिला मार्क तुम्ही देणार का?

बीटबाज | मंगळवार, सकाळी 8.52

मार्कांसाठीच करायचं असेल तर मग सत्यनारायणाच्या पोथीसारखं करा.

कायद्याचं_बोला | मंगळवार, सकाळी 10.05

कुणीच महत्त्वाचं सांगत नाहीये. नियतकालिक काढायचं तर नोंदणी लागते. 1867 चा कायदा गेला, आता 2023 चा नवा आहे, 1 मार्च 2024 पासून लागू. अर्ज ऑनलाइन. आधी नाव मंजूर करून घ्या, मग कव्हरचं बघा.

हलगीवाली | मंगळवार, दुपारी 1.20

अहो कॉलेजचं सबमिशन आहे, विकायचं नाहीये! नाव 'ठेका'. मराठीच. आपल्याकडची तालवाद्यं, म्हणजे हलगी, संबळ, ढोलकी. ए-4, छापूनच द्यायचंय. कव्हरवर माझे काका आहेत. कोल्हापूरकडे हलगी वाजवतात. काळं बॅकग्राउंड, काका खाली बसून पाचोळ्याच्या जाळावर हलगी शेकतायत. लिंक देतेय.

निवृत्त_नाना | मंगळवार, दुपारी 2.45

विषय उत्तम. गांधर्व महाविद्यालय मंडळाचे 'संगीत कला विहार' 1947 पासून निघते, ते जरूर चाळावे. मी मिरजेचा. आमच्याकडे सतारी, तानपुरे घडवणाऱ्यांच्या पिढ्या आहेत, भोपळे पंढरपूर भागातून येतात. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. अब्दुल करीम खाँसाहेबांचे वास्तव्यही मिरजेतच होते. मुखपृष्ठावर तानपुरा घ्यावा असे सुचवतो.

मिरचीठेचा | मंगळवार, दुपारी 3.02

नाना, तालवाद्यांच्या अंकावर तानपुरा? :)

लिंक उघडली. काकांच्या पटक्याचं टोक नेमकं 'ठे'च्या मात्रेवर आलंय. मात्रा गायब. वाचताना 'ठका' होतंय. सर हसले ते त्यामुळे.

हलगीवाली | मंगळवार, दुपारी 3.09

अरे देवा!!! पण 'रोलिंग स्टोन' मासिकाच्या नावावरही डोकं येतंच की.

टाइपखिळा | मंगळवार, सायंकाळी 6.30

येतं. रोमन लिपीत मधलं एखादं अक्षर अर्धं झाकलं तरी डोळा शब्द पुरा करतो. शिवाय ते नाव 1967 पासून लोकांच्या ओळखीचं. आपल्या लिपीत निम्मा अर्थ शिरोरेघेच्या वर असतो: मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार. आणि डोकं बरोबर तिथेच चढतं. म्हणजे तुम्ही त्यांचा संकेत उचललात, तो आपल्या अक्षरावर बसत नाही.

तीच गोष्ट फाकवलेल्या अक्षरांची. रोमनमध्ये अक्षरं लांब केली की भारदस्त दिसतात. आपल्याकडे शिरोरेघ तुटते. तुमचा 'ठे' एका गावाला, 'का' दुसऱ्या. नाव आउटलाइन करा, म्हणजे फाँटची अक्षरं आकारांत बदला, रेघ हाताने ओढून सलग करा, कव्हरच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. मग पटका रेघेच्या पुढे येऊ दे, मात्रा मात्र पटक्याच्याही पुढे. तीन थर होतील, दहा मिनिटांचं काम आहे. फाटकेपणा काढा.

आतल्या पानांवर जोडाक्षरं तुटत असतील तर इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर हे सेटिंग लावा. काळ्या पार्श्वभूमीला चारही रंग शंभर टक्के भरू नका, शाई वाळायची नाही. सी (निळा) 60, एम (किरमिजी) 40, वाय (पिवळा) 40, के (काळा) 100 पुरे. मजकुराला फक्त के 100.

आणि पानं किती ते अजून सांगितलं नाहीत.

बीटबाज | मंगळवार, सायंकाळी 6.48

फाटकेपणा काढायचा? 'केरँग' या ब्रिटिश रॉक मासिकाचं नाव 1981 पासून तडकलेल्या काचेसारखं आहे. नावच गिटारच्या आवाजावरून घेतलंय. आवाज अक्षरात दिसायला नको का?

मिरचीठेचा | मंगळवार, रात्री 9.15

गिटार ठणाणते म्हणून काच तडकली. हलगीचं तडकलेलं कातडं म्हणजे वाजणं बंद. हलगीवाला ते कव्हरवर बघून काय म्हणेल?

बीटबाज | मंगळवार, रात्री 9.21

हे मान्य. गप्प बसतो.

हलगीवाली | मंगळवार, रात्री 11.50

मात्रा पुढे आणली, रेघ सलग केली. भारी दिसतंय, खरंच आभार टाइपखिळाकाका. पण आता मोडलेला संकेतच उरला नाही ना? आणि एक, सर आधी म्हणाले होते की कव्हरवरच्या माणसाने थेट कॅमेऱ्यात बघायला हवं. काकांचं सगळं लक्ष हलगीत आहे. दुसरा फोटो आहे, त्यात बघतायत, पण ते आधार कार्डाचं वाटतंय.

मिरचीठेचा | बुधवार, सकाळी 7.40

पहिलाच ठेव. फोटो मोठा करून पाहिला. डाव्या हाताने कडं जाळावर धरलंय आणि उजव्या हाताचा अंगठा कातड्यावर आहे. ताण आलाय का बघतायत ना? असं बघणारा माणूस मी कुठल्याच कव्हरवर पाहिला नाही. मोडलेला संकेत हाच. अक्षरं कशाला फाडतेस?

पण काकांचं नाव कुठंय? डावीकडे पाच मथळे आहेत. 'ढोलकीचा इतिहास', 'संबळ कसा ओळखावा', दोन तबलजींची मोठ्या टायपात नावं. ज्यांचा फोटो अख्खं पान व्यापून बसलाय त्यांचं नाव आतही नाही, अनुक्रमणिकेत 'हलगीवादक' एवढंच. स्टारचं नाव सगळ्यात मोठं हा तर या मासिकांचा पहिला संकेत. तो तू पाळलाच नाहीस.

हलगीवाली | बुधवार, सकाळी 8.05

...माझेच काका आहेत म्हणून लक्षातच आलं नाही.

निवृत्त_नाना | बुधवार, सकाळी 9.30

तानपुऱ्याची सूचना मागे घेतो. मथळे डावीकडेच का, हे मात्र समजले नाही.

टाइपखिळा | बुधवार, सकाळी 10.10

नाना, तिकडच्या दुकानांत अंक एकावर एक सरकवून लावतात, डावा तिसरा हिस्साच दिसतो. आपल्याकडे स्टॉलवर दोरीला चिमट्याने टांगतात, तिथे वरचा भाग दिसतो. त्यामुळे ताई, मथळे खाली जाळाच्या बाजूला घेतलेत तरी काही अडत नाही. जाळ उजवीकडे मोकळा सोडा. पानं किती?

स्वस्त_मस्त | बुधवार, सकाळी 10.26

कॅन्व्हात हे सगळं आपोआप होतं.

हलगीवाली | बुधवार, रात्री 10.35

झालं! काकांचं नाव नावपट्टीखालोखाल सगळ्यात मोठं, तबलजी लहान टायपात. मथळे पाचाचे तीन केले. काकांना व्हॉट्सअॅपवर पाठवलं. त्यांचं उत्तर: "जाळ कमी दिसतोय."

आता प्रेसमध्ये उभी आहे, सेंटर पिन मारून देणार होते. तो म्हणतोय कव्हर धरून 22 पानं बसत नाहीत. असं का?

टाइपखिळा | बुधवार, रात्री 10.41

चारच्या पटीत लागतात हो! एक कागद दुमडला की चार पानं. म्हणून तीन दिवस विचारतोय. 20 करा नाहीतर 24.

हलगीवाली | बुधवार, रात्री 10.44

तो अकराला शटर ओढणार आहे. दोन पानं कुठून आणू??

मिरचीठेचा | बुधवार, रात्री 10.46

अंगठ्याचा तो क्लोजअप. जोडपानावर. मजकूर काही नको, फक्त अंगठा घडीत जाऊ देऊ नकोस.

कायद्याचं_बोला | बुधवार, रात्री 11.20

नाव मंजूर झालं का?