नव्या संगणकावर लिनक्स घालताना जुन्या हार्ड डिस्कवरचे फोटो कसे सांभाळावेत?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर)

नमस्कार. मी आणि माझ्या अकरावीतल्या मुलीने सुटे भाग आणून घरीच संगणक जोडला आहे. त्यात ५०० जीबीची नवी एनव्हीएमई एसएसडी (चिपवर माहिती साठवणारी वेगवान डिस्क) आहे आणि जुन्या संगणकातली १ टीबीची हार्ड डिस्कही बसवली आहे. त्या हार्ड डिस्कवर घरातले सगळे फोटो आहेत, वडिलांबरोबर जोतिबाला गेलो होतो तेव्हाचेसुद्धा, आणि त्यांची दुसरी प्रत कुठेही नाही. लिनक्स मिंट २२ (विंडोजसारखी, संगणक चालवणारी प्रणाली) पेन ड्राइव्हवर तयार आहे. पण इन्स्टॉलरमधला, म्हणजे ती बसवणाऱ्या प्रोग्राममधला, ‘डिस्क पूर्ण पुसून टाका’ हा पर्याय वाचून हात थांबला. तो नेमकी कोणती डिस्क पुसतो?

उत्तर (उद्यमनगर)

आपण थांबलात हे फार चांगले केलेत. तो पर्याय निवडलेली एकच डिस्क पुसतो. परंतु ती निवडताना नवख्या माणसाची फसगत होते, कारण जुनी हार्ड डिस्क आणि पेन ड्राइव्ह ही दोन्ही ‘एसडीए’, ‘एसडीबी’ अशा सारख्याच धर्तीच्या नावांनी दिसतात. नव्या एसएसडीचे नाव ‘एनव्हीएमई’पासून सुरू होते.

तरीही नावांवर विसंबू नये. संगणक बंद करून वीज काढा, कॅबिनेटची बाजू उघडा आणि हार्ड डिस्कला जोडलेली सॅटा केबल, म्हणजे दोन केबलींपैकी अरुंद असलेली, सोडवा. काही केबलींना धातूची छोटी पट्टी असते. ती दाबल्याशिवाय ओढू नये. जी डिस्क जोडलेलीच नाही ती पुसली जाणे शक्य नाही. याचा आणखी एक फायदा असा, की जुन्या डिस्कवर विंडोजचे ईएफआय पार्टिशन (संगणक सुरू करणाऱ्या फाइलींसाठीचा डिस्कचा वेगळा भाग) असेल, तर इन्स्टॉलर कधीकधी बूटलोडर (लिनक्स सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) तिथेच लिहून ठेवतो आणि पुढे ती डिस्क काढली की नवा संगणक सुरूच होत नाही; केबल सोडवल्याने तेही टळते.

उत्तर (रंकाळा परिसर)

वरील सल्ल्याशी पूर्ण सहमत आहे. एनव्हिडियाचे ग्राफिक्स कार्ड असेल आणि पेन ड्राइव्हवरून सुरू करताना पडदा काळाच राहिला, तर घाबरू नका. पहिल्या मेनूतला ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ निवडा आणि लिनक्स बसल्यावर ‘ड्रायव्हर मॅनेजर’मधून योग्य ड्रायव्हर घ्या. वाय-फाय ओळखले गेले नाही, तर मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग चालू करावे, म्हणजे तेवढ्यापुरते इंटरनेट मिळते. सध्या पावसामुळे वीज जाते, म्हणून शक्य असल्यास इन्व्हर्टरवर काम करावे.

प्रश्नकर्ता (राजारामपुरी)

मनापासून आभार. केबल मुलीनेच सोडवली. त्यानंतर इन्स्टॉलरमध्ये एसएसडी आणि पेन ड्राइव्ह एवढेच दिसत होते, त्यामुळे निवड करताना मन शांत होते. लिनक्स बसल्यावर संगणक बंद करून केबल पुन्हा जोडली. डिस्क एनटीएफएस (विंडोजची फाइली साठवण्याची पद्धत) असूनही लगेच उघडली आणि जोतिबाचे फोटो जसेच्या तसे दिसले. कळफलकाच्या मांडणीत मराठी इनस्क्रिप्टही (भारतीय भाषांसाठीची प्रमाण मांडणी) मिळाली. आता एसएसडीवर या फोटोंची प्रत करायला लावली आहे. ती पूर्ण होईपर्यंत दुसरे काही करणार नाही.