‘ह्यात कविता कुठंय?’ असं वर्गात विचारलं तर काय सांगता?

फळा_खडू:
इथे अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजात शिकवते. पुढच्या आठवड्यात लेली लाँग सोल्जर ह्या मूलनिवासी अमेरिकन कवयित्रीची ‘३८’ ही कविता घ्यायचीये, ३८ डकोटा माणसांच्या फाशीवरची, २०१७ च्या ‘व्हेअरॲज’ संग्रहातली. पोरं म्हणणार हा निबंध आहे, सरळ वाक्यं, पुढे पूर्णविराम, ना यमक ना काही. इतिहास आधी सांगितला तर तास त्यातच जातो, नाही सांगितला तर नुसती तोंडाकडे बघत बसतात. काय करू?

गवती_चहा:
अहो त्यांचा प्रश्न कवितेतच आलाय ना! मायरिकपाशी थांबा. डकोटा ह्या तिथल्या मूलनिवासी लोकांना सरकारकडून ठरलेले पैसे मिळेनात, व्यापारी उधारी देईनात, त्यातला हा अँड्र्यू मायरिक म्हणाला भूक लागली तर गवत खा. मग डकोटांच्या उठावात तो मेला आणि तोंडात गवत कोंबलेलं सापडलं, आणि कवयित्री म्हणते डकोटा योद्ध्यांच्या ह्या कृतीलाच मी कविता म्हणेन. पटतं का विचारा फक्त, मग बघा कशी जुंपते. शेवटचं पान मात्र मोठ्याने वाचून घ्या, तोवर शिस्तीत चाललेली वाक्यं तिथे तुटतात, ‘झुलणं’ ह्या क्रियापदाआधी नुसती मोकळी जागा सोडलीये, तिथे पोरं आपोआप थांबतात.

उंटावरचा:
अर्धंच पटलं. इतिहास ती स्वतःच सांगते, बरोबर. २६ डिसेंबर १८६२ ला मिनेसोटातल्या मॅन्केटोत ३८ डकोटांना फाशी, लिंकनच्या मंजुरीने, आणि त्याच आठवड्यात गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्यावर सही. स्पीलबर्गच्या ‘लिंकन’ सिनेमात सही आहे, फाशी नाही, असा टोमणाही ती मारते. पण कोणीतरी हुशार म्हणणारच की शिक्षा ३०३ जणांना झालेली, लिंकनने बहुतेकांची फाशी रद्द केली. उत्तर तयार ठेवा, नाहीतर तास लिंकन चांगला की वाईट ह्यावरच जाईल.

फळा_खडू:
हे भारीये, मायरिकपासूनच सुरू करते. पण मग परीक्षेत काय विचारायचं? ‘कवयित्रीला काय म्हणायचंय’ छाप नकोय.

पानभर_टिपणं:
ते तर नकोच 😄 सारा होलब्रुक ह्या अमेरिकन कवयित्रीच्या कविता टेक्सासच्या शालेय परीक्षेत आलेल्या, २०१७ मध्ये तिनेच लिहिलं की त्यांवरच्या प्रश्नांची उत्तरं मलाच येत नाहीत. कडवं इथेच का तोडलं असा एक प्रश्न होता, बाई म्हणे वाचताना मी तिथे थांबते म्हणून! तुम्ही सरळ कुठलंही एक वाक्य निवडायला सांगा, ते काढलं तर पुढचं काय ढासळतं ते लिहा म्हणावं, एक पान पुरे.