'विकास', 'वाढ' की आणखी काही? उतारवयातल्या मनासाठी शब्द हवा आहे

ज्येष्ठांच्या मनःस्वास्थ्याची एक प्रश्नावली मराठीत आणते आहे. तिच्या मुळाशी मानसशास्त्रज्ञ कॅरॉल रिफ यांनी १९८९ साली मांडलेली सहा अंगं आहेत: स्वतःचा स्वीकार, इतरांशी जिव्हाळ्याचं नातं, स्वायत्तता, भोवतालावरची पकड, जगण्याला हेतू असणं आणि 'पर्सनल ग्रोथ'. पहिली पाच कशीबशी बसली, सहाव्यापाशी अडले. 'व्यक्तिगत विकास' असं लिहून आत्याला वाचून दाखवलं. ती ७८ वर्षांची आहे. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाली, "अगं, माझा आता कसला विकास? विकास मुलांचा." आणि एक ते सहाच्या मोजपट्टीवर एकवर, म्हणजे 'मुळीच पटत नाही'वर, खूण करायला सांगितली. हीच बाई पंचाहत्तरीनंतर पेटी शिकायला बसली आहे! उत्तर चुकीचं आलं, कारण शब्द चुकला. दुसरा सुचवाल का?

प्रतिसाद
मानसशास्त्र शिकवतो, म्हणून आधी एक सांगतो. हा शब्द चुकला तर निष्कर्षच चुकेल. रिफ यांच्या अमेरिकेतल्या अभ्यासांत वय वाढतं तशी भोवतालावरची पकड वाढलेली दिसते, पण जगण्याचा हेतू आणि हे सहावं अंग, दोन्हींचे गुण उतरतात. मराठीत 'विकास' ठेवला तर तो उतार माणसाच्या मनातला की आपल्या शब्दाचा, हे कळायचंच नाही. शिवाय 'व्यक्तिमत्त्व विकास' म्हटलं की डोळ्यांपुढे सभाधीटपणाची शिबिरं येतात. रिफ यांना अभिप्रेत आहे ते वेगळं: नव्या अनुभवाला मन उघडं आहे का, आणि आपण बदलत आलो हे आपल्यालाच जाणवतं का. 'आत्मसाक्षात्कार' मात्र कृपा करून नको. तो मोक्षाच्या वाटेवरचा शब्द आहे, उगाच ओढून आणू नये.

प्रतिसाद
'वाढ' का नको? मुलांच्या उंचीची आठवण येते हे खरं, पण 'वाढणं' या क्रियापदाला मराठीत दोन तोंडं आहेत. मूल वाढतं, आणि मोठं माणूस दुसऱ्याच्या पानात वाढतं. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी मांडलेल्या आयुष्याच्या आठ टप्प्यांतला सातवा टप्पा मध्यम वयातला. तिथे माणूस पुढच्या पिढीसाठी काही करतो, नाहीतर स्वतःतच साचून राहतो. त्या 'जनरेटिव्हिटी'ला 'उत्पादकता' म्हटलं की कारखाना आठवतो, 'सर्जनशीलता' म्हटलं की कवी. मला तिथे 'वाढतेपण' म्हणावंसं वाटतं: स्वतः वाढून झाल्यावर दुसऱ्याला वाढणं.

प्रतिसाद
'वाढतेपण' सुरेख आहे, पण प्रश्नावलीत चालणार नाही. समजावून सांगावा लागणारा शब्द तिथे निरुपयोगी.

मला 'वेल-बीइंग'साठी, म्हणजे या सहाही अंगांनी मिळून होणाऱ्या बरं असण्यासाठी, एक जुना शब्द पुढे करायचा आहे. 'कल्याण' खात्यांच्या पाट्यांवर गेलं आणि 'स्वास्थ्य' आरोग्याला जाऊन चिकटलं. 'स्व'मध्ये स्थिर असणं हा त्याचा मूळ अर्थ कुणाला आठवत नाही. उरतो तो 'योगक्षेम'. आज आपण तो चरितार्थापुरताच वापरतो, पण संस्कृत भाष्यकार त्याची फोड अशी करतात: नसलेलं मिळवणं तो योग, असलेलं राखणं ते क्षेम. आता उतारवयाचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ पॉल बाल्टेस यांचं म्हणणं पाहा. आयुष्याच्या सुरुवातीला माणसाची बरीचशी शक्ती वाढीकडे जाते, आणि उतारवयात ती अधिकाधिक असलेलं टिकवण्याकडे आणि गमावलेल्याशी जुळवून घेण्याकडे वळते. पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन यांचं उदाहरण ते देत. म्हातारपणी रुबिनस्टाइन मोजक्याच रचना वाजवत, त्यांचा सराव जास्त करत, आणि द्रुत भागाच्या आधी गती मुद्दाम कमी करत, म्हणजे पुढचं द्रुत वाटे. हे नुसतं राखणं नव्हे, त्यात कसब आहे. 'क्षेम' शब्दात ते सगळं मावतं. 'विकास'वाल्यांना वाटतं की राखणं म्हणजे थांबणं, आणि माझी खरी तक्रार तीच आहे.

मूळ प्रश्नकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. 'योगक्षेम' मी प्रास्ताविकात घेते आहे. प्रश्नात मात्र नाम ठेवायचंच नाही असं ठरवलं. आपल्याकडे असल्या गोष्टी क्रियापदात जास्त सहज बोलल्या जातात: उमगणं, जाणतं होणं, निवणं, पिकणं. 'पिकणं'वर बराच रेंगाळले, पण लगेच पिकले केस आठवतात. 'निवणं' फार शांत वाटतं, त्यात बदल संपल्याचा भाव आहे. शेवटी असं लिहिलं: "स्वतःबद्दल किंवा जगण्याबद्दल मला अजूनही नवं काही उमगत असतं."

काल आत्याला पुन्हा वाचून दाखवलं. या वेळी तिनं चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "थोरलीचा मला एवढा राग का यायचा, ते परवा पेटीवर बसले असताना कळलं. ती माझ्यापेक्षा बरं गायची, एवढंच. तिला जाऊन अकरा वर्षं झाली गं." आणि तिनं सहावर खूण करायला सांगितली.