निकाली कुस्ती संपली, आता फक्त गुण मोजायचे. पटतंय का?

तांबडी_माती
परवा एका गावच्या जत्रेतलं मैदान बघून आलो. शेवटची जोड, इनाम लाखात. पंधरा मिनिटं नुसती खडाखडी. मान धरायची, हात झटकायचा, मागं सरकायचं. मग पंचांनी शिट्टी मारून 'आता गुणांवर' असं जाहीर केलं. एकानं दुसऱ्याच्या पाठीमागं जाऊन ताबा घेतला आणि झाली कुस्ती. हलगीवाल्याला कळेना वाजवायची की थांबवायची.

आमच्या बाबांनी कोल्हापूरचं खासबाग मैदान भरलेलं बघितलंय. शाहू महाराजांनी ते मैदान खोलगट वाटीसारखं का बांधलं? तर कुठंही बसा, दोन्ही खांदे मातीला लागलेले दिसले पाहिजेत. निकाली कुस्ती म्हणजे तीच, बघायचं असायचं ते एवढंच! दादू चौगुले 1970 आणि 71, लक्ष्मण वडार 72 आणि 73, युवराज पाटील 74. पाच वर्षं महाराष्ट्र केसरी कोल्हापूरच्या बाहेर गेला नाही. त्या माणसांना गुणफलक लागत नव्हता.

माझं म्हणणं सरळ आहे. गुणांनी कुस्ती मारली. पटत नसेल त्यांनी खुशाल लांग चढवून यावं.

गादीवाला
आलो. तेरा वर्षं पोरं शिकवतोय, त्यातली निम्मी मातीतनंच आलेली.

दादा, ज्यांची नावं घेऊन तुम्ही शड्डू ठोकताय त्यांच्या पिढीचंच बघा. 1962 ची जकार्ता एशियाड. मारुती माने फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण, ग्रीको-रोमनमध्ये रौप्य. गणपतराव आंदळकर त्याच्या उलट, ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य. आता ग्रीको-रोमन म्हणजे काय? कमरेखाली हात लावायचा नाही. एकेरी पट नाही, दुहेरी पट नाही, टांग नाही. मातीतल्या पैलवानाचं निम्मं हत्यार काढून घेतलं तरी आंदळकर जिंकून आले. का? तर नियम शिकले. गुणांना शिव्या नाही घातल्या.

खाशाबा जाधवांचंही तेच. 1948 ला लंडनला मॅटची सवय नव्हती, तरी सहावे आले. चार वर्षं त्याच मॅटचा अभ्यास केला आणि 1952 ला हेलसिंकीहून कांस्य आणलं. गोळेश्वरचा माणूस, मातीतलाच.

तुम्ही बघितलेली ती खडाखडी गुणांमुळं झाली नाही. गादीवर, म्हणजे मॅटवर, असा टाइमपास केला तर पंच ताकीद देतो. मैदानात वेळ मोकळा असतो, म्हणून दोघं एकमेकांना चाचपत बसतात.

वरळी_नाका
कोल्हापूरकरांचं झालं असेल तर आम्हा मुंबईकरांनी थोडं बोलावं का?

आमच्या आजोबांसाठी कुस्ती म्हणजे वरळीचं वल्लभभाई पटेल स्टेडियम आणि दारासिंग. समोर किंग काँग, दोनशे किलोचा हंगेरियन देह, रिंगच्या दोरावर रेलला की दोर कण्हायचा म्हणे. 29 मे 1968 ला दारासिंगनं मुंबईतच लू थेझला हरवलं, त्या रात्री आजोबा चालत घरी आले. ट्राम बंद पडून चार वर्षं झालेली आणि बसमध्ये शिरायला जागा नव्हती. यात गुण कुठं होते? लोक ओरडत होते, बस्स.

तांबडी_माती
वरळीकर, राग मानू नका, पण ती नुरा कुस्ती. कोण पडणार हे आधी ठरलेलं. दारासिंग पैलवान अस्सल, धंदा नकली.

वरळी_नाका
ठरलेलं होतं हे आजोबांनाही माहीत होतं हो. आपण तमाशाला जातो तेव्हा राजा खरा आहे का विचारतो? दोनशे किलोचा माणूस डोक्यावर उचलायला तरी ताकद खरीच लागते. आणि तुमच्या जत्रेत 'अर्धं इनाम तुला, अर्धं मला, बरोबरीत सोडवून घेऊ' असं कधी झालंच नाही, हे छातीवर हात ठेवून सांगा.

मांजराकाठ
इथं वरळीकरांची बाजू घ्यायला लागतेय, काय दिवस आले.

पण मी लातूरकडचा, त्यामुळं हरिश्चंद्र बिराजदारांचं नाव आल्याशिवाय हा धागा पुढं जाऊ देणार नाही. निलंगा तालुक्यातलं रामलिंग मुदगड. तिथून पोरगा कोल्हापूरला गंगावेश तालमीत जातो, 1969 ला महाराष्ट्र केसरी होतो. पुढं बेळगावच्या मैदानात दिल्लीच्या सतपालला चितपट करतो. सतपाल म्हणजे कोण? ज्यानं 1982 च्या दिल्ली एशियाडला सुवर्ण घेतलं तो. आमच्या गावात ती कुस्ती न बघितलेली माणसं आजही हातवारे करून सांगतात. एकजण सांगताना स्वतःच पारावरून पडला होता.

म्हणजे मी तांबडी मातीच्या बाजूनं. गुणांवर जिंकलेली कुस्ती कुणी पारावर सांगत नाही.

गादीवाला
सांगत नाहीत? 2022, सातारा, महाराष्ट्र केसरीची अंतिम. पृथ्वीराज पाटील विरुद्ध सोलापूरचा विशाल बनकर, पाच-चार. कोल्हापूरला एकवीस वर्षांनी गदा मिळाली ती या गुणांवर. तेव्हा कोल्हापुरात गुलाल कुणी उधळला? तांबडी मातीनं हातातली मूठ परत पिशवीत टाकली होती काय?

आणि चितपट संपलीय हेही खोटं. पुढच्याच वर्षी पुण्यात शिवराज राक्षेनं महेंद्र गायकवाडला मिनिटाच्या आत चितपट केलं, तेही गादी आणि माती या दोन गटांचे विजेते समोरासमोर असताना.

जुनं सगळं निकाली होतं हा तर मोठा गैरसमज. 1910 ला लंडनमध्ये आपला गामा पैलवान आणि पोलंडचा झिबिस्को दोन तासांवर झुंजले. झिबिस्को मॅटला पालीसारखा चिकटून राहिला आणि कुस्ती बरोबरीत सुटली. अठरा वर्षांनी पतियाळात गामानं त्यालाच मिनिटाच्या आत पाडलं. आठवतं काय? पतियाळा. लंडनचे ते दोन तास कोण सांगतं?

मांजराकाठ
हा डाव बसला. पण 2025 ला अहिल्यानगरला काय झालं ते पण सांगा की. खांदा लागला की नाही यावरून पंचाला लाथ मारण्यापर्यंत मजल गेली. एवढे कॅमेरे, एवढे नियम, आणि तरी भांडण खांद्याचंच! म्हणजे अजून सगळ्यांच्या डोक्यात चितपटच आहे.

लंगोट_नव्हे_सिंगलेट
काकालोक, तुमच्या या सगळ्या यादीत एक बाई नाही, कुणाच्या लक्षात आलं का?

1954 मध्ये बडोद्याला हमीदा बानूनं बाबा पैलवानाला 1 मिनिट 34 सेकंदांत पाडलं. 'मला हरवेल त्याच्याशी लग्न करीन' असं खुलं आव्हान देणारी बाई. त्याच वर्षी मुंबईत रशियाच्या वेरा चिस्टिलिनला मिनिटाच्या आत हरवलं. निकाली हवं ना? घ्या. आणि पुण्यात तिची एका पुरुष पैलवानाशी ठरलेली कुस्ती तालीमवाल्यांच्या विरोधामुळं रद्द झाली. मातीत ताक, हळद, लिंबू, तेल, कापूर सगळं चालायचं. बाई चालत नव्हती.

महिला महाराष्ट्र केसरी पहिल्यांदा झाली 2023 मध्ये, सांगलीला. प्रतीक्षा बागडी जिंकली. मी शाळेत असताना आमच्या गावच्या जत्रेत मला रेवड्यांच्या बक्षिसावरच्या कुस्तीलासुद्धा उतरू दिलं नव्हतं. समोरच्या पोराची आई म्हणाली, 'हरला तर त्याला जन्मभर ऐकावं लागंल.' मला गादीनं घेतलं, आणि गादीवर गुण असतात. मला ते गुण प्रिय आहेत, काय करणार.

तांबडी_माती
ताई, याला माझ्याकडं उत्तर नाही. रेवड्यांचं वाचून वाईट वाटलं.

गादीवाले, गुलाल मी उधळला होता. गप्प बसतो.

पण त्या 'लंडनचे दोन तास कोण सांगतं' वरून डोक्यात किडा वळवळायला लागला. बाबा आम्हाला लहानपणापासून एक कुस्ती सांगतात, खासबागेतली नव्हे, आमच्याच पंचक्रोशीतल्या उरुसातली. आमच्या भावकीतला पैलवान, समोर सांगलीकडचा. दिवस कलता, ढाक लागली, समोरचा उताणा आणि फेटे आभाळात. आई भाकऱ्या थापता थापता 'झालं सुरू' म्हणायची. काल थोरल्या काकांना फोन लावला. ते त्या मैदानात होते, बाबांच्याच शेजारी.

काका म्हणाले, "कसली ढाक रं? तासभर झोंबली दोघं. अंधार पडाय लागला तसं पंचांनी सोडवली. दोघांना नारळ आन् निम्मं निम्मं इनाम."

बाबा आता ब्याऐंशीचे आहेत. आज रात्री जेवताना परत तीच कुस्ती निघणार, नातू मुद्दाम काढतो. काका येत्या रविवारी घरी येणार आहेत. त्यांना आधीच बाजूला घेऊन ढाक लागली असं सांगायला लावू का?

गादीवाला
लावा. सांगलीकडच्याला माझ्याकडनं दोन गुण जास्तीचे.